टर्मिनलमधून सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं आणि मुळासकट काढून टाकणं

डेव्हलपमेंटच्या मशिनवर हळूहळू बरंच काही साठत जातं. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) दोन-तीन आवृत्त्या असतात, पायथनच्या त्याहून जास्त. एखाद्या जुन्या प्रोजेक्टसाठी घेतलेला डेटाबेस अजूनही मशीन चालू केलं की पाठीमागे सुरू होत असतो. हे सगळं पॅकेज मॅनेजरनं, म्हणजे सॉफ्टवेअर आणणाऱ्या, बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रामनं, नीट इन्स्टॉल करता येतं आणि नीट काढताही येतं. त्यासाठी एक नियम पाळावा लागतो: ज्यानं बसवलं त्यानंच काढायचं. एपीटी या मॅनेजरनं आणलेलं सॉफ्टवेअर होमब्रू या दुसऱ्या मॅनेजरला दिसत नाही. आणि फाइल्स हातानं डिलीट केल्या तर मॅनेजरच्या नोंदीत ते सॉफ्टवेअर जागेवरच राहतं, मग पुढच्या अपग्रेडला भलतेच एरर येतात.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत, स्पेस आणि आडव्या रेघा जशा आहेत तशाच ठेवून टाइप करायच्या. अक्षरं लहानच वापरा. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पॅकेज मॅनेजर आतून काय करतो

हे पाच मिनिटं समजून घेतलं की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांचं उदाहरण घेऊ. तिथे दोन थर आहेत. खालचा डीपीकेजी: तो पॅकेज उघडतो, फाइल्स जागच्या जागी ठेवतो आणि नोंद करतो. वरचा एपीटी: तो रिपॉझिटरीमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या पॅकेजेसच्या भांडारातून, पॅकेज आणतो, रिपॉझिटरीच्या यादीवरची सही तपासतो आणि कुठल्या पॅकेजला आणखी काय लागतं, म्हणजे डिपेंडन्सी, याचा हिशेब करतो. डेबियन प्रकल्प 1993 चा, एपीटी 1998 मधलं, आणि ‘एपीटी’ ही आज आपण वापरतो ती सुटसुटीत कमांड 2014 मध्ये आली. त्याआधी ‘एपीटी-गेट’ आणि ‘एपीटी-कॅश’ वेगवेगळे वापरावे लागत. स्क्रिप्टमध्ये अजूनही ‘एपीटी-गेट’च वापरावं, कारण त्याचं आउटपुट सहसा बदलत नाही.

डीपीकेजीची नोंद ‘/व्हीएआर/लिब/डीपीकेजी’ या फोल्डरमध्ये असते. त्यातल्या ‘इन्फो’ फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक यादी असते आणि त्या पॅकेजनं मशिनवर ठेवलेली प्रत्येक फाइल तिच्यात लिहिलेली असते. ‘डीपीकेजी -एल गिट’ (इथे एल कॅपिटल) चालवलंत तर हीच यादी समोर येते. पॅकेज काढताना डीपीकेजी ही यादी वाचतो आणि तेवढंच पुसतो. सॉफ्टवेअरनं नंतर चालताना स्वतः तयार केलेला डेटा, लॉग, कॅश, तुमच्या होम फोल्डरमधली सेटिंग्ज, यातलं काहीच त्या यादीत नसतं. अनइन्स्टॉल केल्यावरही डिस्क का मोकळी होत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. इतर मॅनेजरही थोड्याफार फरकानं असेच वागतात.

पहिली पायरी: आधीच आहे का, आणि कुणाचं आहे?

इन्स्टॉल करण्याआधी हे बघायची सवय लावून घ्या. मॅक आणि लिनक्सवर ‘टाइप -ए नोड’ चालवा. ‘व्हिच’ साधारणपणे पहिलाच पत्ता सांगतो, तर ‘टाइप -ए’ सगळे सांगतो, आणि खरी गंमत त्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच असते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर नोड’ चालतं. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर डॉट ईएक्सई नोड’ असं पूर्ण लिहायचं, कारण तिथे नुसतं ‘व्हेअर’ हे वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे.

समजा उबुंटूवर दोन ओळी आल्या. पहिली तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एनव्हीएम’ मध्ये जाणारी, दुसरी ‘/यूएसआर/बिन/नोड’. पहिलीचा मालक एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) आहे हे पत्त्यावरूनच कळतं. दुसरीसाठी विचारा: ‘डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/नोड’ (एस कॅपिटल). उत्तरात पॅकेजचं नाव आलं तर मालक एपीटी. कुठलंच पॅकेज सापडलं नाही असं उत्तर आलं तर ती फाइल कुणीतरी इन्स्टॉलर स्क्रिप्टनं किंवा हातानं ठेवली आहे, आणि ती काढायची जबाबदारीही तुमचीच. फेडोरावर हेच काम ‘आरपीएम -क्यूएफ’ करतो, आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूओ’ (क्यू कॅपिटल, ओ लहान).

मॅकवर ‘/ऑप्ट/होमब्रू’ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ॲपल सिलिकॉनवरचं होमब्रू. इंटेल मॅकवर ते ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये राहतं. तिथे नुसत्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका, इतर इन्स्टॉलरही त्याच फोल्डरमध्ये फाइल्स टाकतात. ‘एलएस -एल’ करून पाहा: फाइल ‘सेलार’ नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक असेल तर ती होमब्रूची.

शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, जो पत्ता आधी सापडतो तो जिंकतो. म्हणून दोन मालकांकडून एकच सॉफ्टवेअर घेऊ नका. एकाकडचं काढा, मगच दुसऱ्याकडून घ्या.

दुसरी पायरी: इन्स्टॉल करणं

उबुंटू-डेबियनवर सुरुवात ‘सुडो एपीटी अपडेट’ ने. ‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालवणं. ही कमांड एकही सॉफ्टवेअर अपडेट करत नाही, फक्त रिपॉझिटरीत काय काय आहे त्याची ताजी यादी आणते. ती जुनी असेल तर एपीटी अशी फाइल मागायला जातो जी सर्व्हरवर आता नसतेच, आणि इन्स्टॉल अर्ध्यावर पडतं.

मग ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव. कुठली आवृत्ती मिळणार आणि कुठल्या रिपॉझिटरीतून, हे दोन्ही त्यात दिसतं. वितरणाच्या रिपॉझिटरीतली आवृत्ती बऱ्याचदा थोडी जुनी असते. तो दोष नाही, स्थिर राहण्यासाठी जाणूनबुजून केलेली ती निवड आहे. तुमच्या कामाला नवीच लागत असेल तर ते आत्ता ठरवा, इन्स्टॉल झाल्यावर नको.

नंतर रंगीत तालीम: ‘एपीटी इन्स्टॉल -एस’ (इथे एस लहान) आणि पॅकेजचं नाव. यात प्रत्यक्ष काही होत नाही, काय होणार आहे ते दिसतं. नवं काय येणार यापेक्षा काही काढलं जाणार आहे का, ती ओळ आधी शोधा. एखादं साधं टूल आणताना दुसरं काही निघणार असेल तर थांबा, बहुधा दोन रिपॉझिटरींची भांडणं आहेत. सगळं ठीक असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’. शिफारस म्हणून येणारी जादा पॅकेजेस नको असतील तर ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ जोडा. सर्व्हरवर आणि कंटेनरमध्ये (ॲप चालवायच्या वेगळ्या, बंदिस्त जागेत) हे फार उपयोगी पडतं. ‘-वाय’ लावून प्रश्न गप्प करायची सवय मात्र स्वतःच्या मशिनवर लावू नका. त्या एका प्रश्नाशी थांबून यादी वाचणं हीच तुमच्याकडची सर्वांत मोठी सुरक्षा आहे.

फेडोरावर 2015 सालच्या 22 व्या आवृत्तीपासून यम या जुन्या मॅनेजरच्या जागी डीएनएफ आहे: ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल’. एखादी कमांड कुठल्या पॅकेजमध्ये येते हे माहीत नसेल तर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ सांगतो. आर्चवर ‘सुडो पॅकमॅन -एसवाययू’ (एस कॅपिटल, पुढची दोन्ही लहान) करून आधी पूर्ण सिस्टिम अद्ययावत करा. फक्त यादी ताजी करून एकच पॅकेज घेणं, म्हणजे अर्धवट अपग्रेड, तिथे चालत नाही आणि लायब्ररी जुळेनाशा होतात.

होमब्रू मॅक्स हॉवेल यांनी 2009 मध्ये सुरू केलं. त्यात दोन प्रकार आहेत: टर्मिनलची टूल्स म्हणजे फॉर्म्युला आणि खिडकीवाली ॲप्स म्हणजे कास्क. ‘ब्रू इन्फो’ ने आधी माहिती पाहा, मग ‘ब्रू इन्स्टॉल’. ॲप असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल --कास्क’. होमब्रूला सुडो लावायचं नाही. परवानगीची तक्रार आली तर फोल्डरचा मालक कोण आहे ते तपासा, ‘ब्रू डॉक्टर’ त्याला मदत करतो.

विंडोजवर विंगेट. मायक्रोसॉफ्टनं ते 2020 मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी 1.0 आवृत्ती आली. आधी ‘विंगेट सर्च’, मग आयडी पाहून इन्स्टॉल: गिटचा आयडी ‘गिट डॉट गिट’, म्हणून ‘विंगेट इन्स्टॉल --आयडी गिट.गिट -ई’ (दोन्ही गिटमधला जी कॅपिटल). शेवटचा ‘-ई’ म्हणजे नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. नुसत्या नावानं शोधलं तर मिळत्याजुळत्या नावाचं भलतंच पॅकेज गळ्यात पडू शकतं. ॲडमिन अधिकार नसलेल्या मशिनवर स्कूप बरं पडतं, ते सगळं तुमच्या युजर फोल्डरमध्येच ठेवतं.

बाहेरची रिपॉझिटरी जोडायची असेल, जसं डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या टूलची, तर तिची सही तपासायची चावी ‘/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज’ मध्ये ठेवा आणि रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती चावी तेवढ्याच रिपॉझिटरीला बांधा. जुन्या लेखांत ‘एपीटी-की’ वापरायला सांगितलेलं दिसेल. ते आता वापरू नये, कारण त्यानं जोडलेली चावी सगळ्याच रिपॉझिटरींना लागू व्हायची. काय जोडलं ते कुठेतरी लिहून ठेवा, काढताना लागणार आहे.

‘कर्ल’ नं स्क्रिप्ट आणून थेट ‘बॅश’ ला पाजणाऱ्या ओळी आता सगळीकडे दिसतात. आधी फाइल उतरवा, वाचा, मग चालवा. वाचताना दोन गोष्टी शोधा: फाइल्स कुठे ठेवते आणि तुमच्या ‘डॉट बॅशआरसी’ किंवा ‘डॉट झेडएसएचआरसी’ या शेलच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये काय लिहिते. काही प्रकल्प जाण्याची वाट नीट देतात. रस्टसाठी ‘रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल’ एवढंच पुरतं. सगळे देत नाहीत.

भाषांचे स्वतःचे मॅनेजर

पिप (पायथनचा), एनपीएम (नोडचा), कार्गो (रस्टचा) हे सिस्टिमच्या मॅनेजरपेक्षा वेगळे, आणि त्यांनी सिस्टिमच्या हद्दीत शिरू नये. ‘सुडो पिप इन्स्टॉल’ कधीच नको. लिनक्सची कितीतरी टूल्स सिस्टिमच्या पायथनवर चालतात, त्यातली एखादी लायब्ररी पिपनं बदलली की ती टूल्स मोडतात. याच कारणासाठी पायथनचा पीईपी 668 हा प्रस्ताव आला, आणि 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप सरळ नकार देतो. तिथे सुचवलेला ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय नावाप्रमाणेच सिस्टिम मोडू शकतो, तो लावू नका. प्रोजेक्टसाठी ‘पायथन3 -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह’ करून वेगळं वातावरण बनवा. ब्लॅकसारखी (पायथनचा कोड नीट मांडून देणारं टूल) सगळीकडे लागणारी टूल्स पिपएक्सनं घ्या, तो प्रत्येकाला स्वतंत्र वातावरण देतो.

एनपीएममध्ये ‘-जी’ लावून घेतलेली पॅकेजेस ‘एनपीएम एलएस -जी --डेप्थ=0’ नं दिसतात. एनव्हीएम वापरत असाल तर ही यादी नोडच्या प्रत्येक आवृत्तीसाठी निराळी असते. इथे नाव टाइप करताना खरोखर जपा. एनपीएम आणि पायपीआय या पायथनच्या पॅकेज भांडारावर कुणीही पॅकेज चढवू शकतं, आणि प्रसिद्ध नावातलं एखादं अक्षर बदलून घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. एनपीएमच्या पॅकेजला इन्स्टॉल होतानाच स्क्रिप्ट चालवता येते, म्हणजे तुम्ही ते वापरण्याआधीच नुकसान झालेलं असू शकतं. खात्री नसलेलं पॅकेज ‘--इग्नोर-स्क्रिप्ट्स’ लावून घ्या.

तिसरी पायरी: काढणं

उबुंटूवरचा पोस्टग्रेस हा डेटाबेस काढून पाहू. यात जे जे अडतं ते जवळपास सगळीकडे अडतं.

आधी डेटा. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा. कुठली आवृत्ती, कुठला पोर्ट, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये, हे एका ओळीत दिसतं. मग पोस्टग्रेस युजरच्या नावानं ‘पीजी_डम्पऑल’ चालवून बॅकअप घ्या आणि ती फाइल उघडून तिच्यात खरंच तुमची टेबलं आहेत का ते बघा. त्यानंतर सर्व्हिस थांबवा: ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप पोस्टग्रेसक्यूएल’.

आता ‘डीपीकेजी -एल’ (एल लहान) चं आउटपुट ‘ग्रेप’ मधून गाळून पोस्टग्रेसची पॅकेजेस पाहा. इथे बरेच जण फसतात. ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हे नुसतं छत्री-पॅकेज आहे. खरा सर्व्हर ‘पोस्टग्रेसक्यूएल-16’ अशा आवृत्तीच्या आकड्यासकट नावाच्या पॅकेजमध्ये असतो. छत्री काढली तरी सर्व्हर चालूच राहतो.

काढायच्या दोन कमांड आहेत. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढतो पण ‘/ईटीसी’ मधली कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या फाइल्स, ठेवतो. पुन्हा इन्स्टॉल करायचं असेल तर तेच बरं. ‘पर्ज’ कॉन्फिगही काढतो. रिमूव्ह करून उरलेली पॅकेजेस ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत ‘आरसी’ या दोन अक्षरांनी ओळखू येतात, आणि त्यांच्यावर नंतरही पर्ज चालवता येतो. आधी तालीम, ‘एपीटी पर्ज -एस पोस्टग्रेसक्यूएल-16’, यादी वाचा, मग सुडो लावून प्रत्यक्ष. पोस्टग्रेसचं पॅकेज पर्जच्या वेळी डेटाची फोल्डरंही काढू का, असं विचारतं. बॅकअप तपासला असेल तरच हो म्हणा.

सगळी पॅकेजेस असं विचारत नाहीत. डॉकर पर्ज केलं तरी इमेज, कंटेनर आणि व्हॉल्यूम ‘/व्हीएआर/लिब/डॉकर’ आणि ‘/व्हीएआर/लिब/कंटेनरडी’ मध्ये तसेच पडून राहतात, आणि ते कित्येक गिगाबाइट असू शकतात. ती फोल्डरं हातानंच काढावी लागतात. व्हॉल्यूममध्ये एखाद्या डेटाबेसचा डेटा आहे का, हे डॉकर काढण्याच्या आधीच बघून ठेवा.

मग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’. कुणाची तरी डिपेंडन्सी म्हणून आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस यात निघतात. ही यादीही वाचा. तुम्हाला हवं असलेलं काही तिच्यात दिसलं तर ‘सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल’ आणि त्याचं नाव द्या, म्हणजे ते तुम्ही मुद्दाम घेतलेलं समजलं जातं.

शेवटी बाहेरची रिपॉझिटरी जोडली असेल तर ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी’ मधली तिची फाइल आणि कीरिंग्जमधली चावी काढा, पुन्हा ‘एपीटी अपडेट’ करा. शेलच्या फाइलमध्ये पाथच्या (कमांड कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या) ओळी उरल्या असतील तर त्या पुसा. काढल्यावरही शेल जुन्याच पत्त्यावर जाऊन ‘अशी फाइल नाही’ म्हणत असेल तर ‘हॅश -आर’ चालवा, त्यानं शेलनं लक्षात ठेवलेले पत्ते विसरले जातात.

एक गोष्ट ठासून सांगतो: उबुंटूवर सिस्टिमचं ‘पायथन3’ काढू नका. जागा वाचेल किंवा नवी आवृत्ती नीट चालेल म्हणून लोक ते काढायला जातात. त्यावर डेस्कटॉपचे कितीतरी भाग उभे आहेत, तेही सोबत निघतात आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा समोर येतो. तालीम करून ती लांबलचक यादी एकदा नुसती बघा, पटेल. नवं पायथन हवं असेल तर ते जुन्याच्या शेजारी ठेवा.

होमब्रूवर क्रम असा: ‘ब्रू सर्व्हिसेस स्टॉप’, मग ‘ब्रू युझेस --इन्स्टॉल्ड’ नं त्यावर कोण अवलंबून आहे ते पाहा, मग ‘ब्रू अनइन्स्टॉल’. दुसऱ्या कुणाला ते लागत असेल तर ब्रू नकार देतो. त्या नकाराला ‘--इग्नोर-डिपेंडन्सीज’ नं गप्प करू नका. उरलेल्या डिपेंडन्सीसाठी ‘ब्रू ऑटोरिमूव्ह’, जुन्या आवृत्त्या आणि 120 दिवसांपेक्षा जुन्या डाउनलोडसाठी ‘ब्रू क्लीनअप’. होमब्रूच्या पोस्टग्रेसचा डेटा होमब्रूच्याच ‘व्हीएआर’ फोल्डरमध्ये राहतो, तो हातानं काढायचा. कास्कला ‘--झॅप’ लावलं तर सेटिंग्ज आणि कॅशही जातात, पण एकाच कंपनीच्या दोन ॲप्सची सामायिक फाइलही त्यात जाऊ शकते, म्हणून दुसरं ॲप वापरात असेल तर झॅप टाळा.

विंगेट बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरचाच अनइन्स्टॉलर चालवतं. त्यामुळे सफाई किती होईल ते त्या अनइन्स्टॉलरवर. ‘ॲपडेटा’ मध्ये काय उरलं ते नंतर बघा. स्कूपमध्ये ‘स्कूप अनइन्स्टॉल -पी’ जपून ठेवलेली सेटिंग्जही काढतो. आर्चवर ‘पॅकमॅन -आरएनएस’ (आर कॅपिटल) पॅकेज, त्याची कॉन्फिग आणि निरुपयोगी झालेल्या डिपेंडन्सी एकदम काढतो.

पिपचं वेगळं आहे. ‘पिप अनइन्स्टॉल’ फक्त नाव दिलेलं पॅकेज काढतो, त्याच्यासोबत आलेली बाकीची तिथेच राहतात. म्हणून व्हीएन्व्ह असेल तर एकेक काढत बसू नका, अख्खं फोल्डर डिलीट करा आणि नवं बनवा. इथे हातानं डिलीट करणं चालतं, कारण नोंदही त्याच फोल्डरमध्ये असते.

अडकलंच तर

एपीटी लॉक मिळत नाही म्हणाला तर पाठीमागे दुसरं अपडेट चालू असतं. थांबा. लॉकची फाइल पुसून पुढे जायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो, त्यानं दोन प्रोसेस एकाच नोंदीत लिहितात आणि नोंद बिघडू शकते. मधेच वीज गेली किंवा टर्मिनल बंद पडलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि तरी डिपेंडन्सी तुटलेल्या राहिल्या तर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. काल काय केलं ते आठवत नसेल तर ‘/व्हीएआर/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ उघडा, चालवलेली कमांड आणि त्यामुळे आलेलं-गेलेलं प्रत्येक पॅकेज त्यात तारखेसकट असतं. फेडोरावर तर ‘डीएनएफ हिस्टरी अंडू’ नं अख्खा व्यवहार उलटवता येतो.

यादी जवळ ठेवा

नवं मशीन घेताना किंवा जुनं साफ करताना आपण मुद्दाम काय घेतलं होतं याची यादी हवी. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ती देतो. सिस्टिमसोबत आलेली काही नावंही त्यात असतात, ती वगळायची. होमब्रूवर ‘ब्रू लीव्ह्ज’ इतर कुणालाही न लागणारे फॉर्म्युला दाखवतो, आणि ‘ब्रू बंडल डम्प’ सगळं एका ब्रूफाइलमध्ये लिहितो. विंडोजवर ‘विंगेट एक्स्पोर्ट -ओ’ आणि फाइलचं नाव. नव्या मशिनवर ‘विंगेट इम्पोर्ट -आय’. ती फाइल गिटमध्ये ठेवा आणि शक्य तिथे प्रत्येक नावापुढे कशासाठी घेतलं ते लिहा. ब्रूफाइलमध्ये हॅशच्या चिन्हानं अशी टीप लिहिता येते. ब्रूफाइलमधून एखादी ओळ काढून ‘ब्रू बंडल क्लीनअप’ चालवलं की यादीबाहेरचं काय काय निघेल ते दिसतं. ते वाचून पटलं, की मग ‘--फोर्स’ जोडून तीच कमांड पुन्हा चालवा.